पहिलं व्हेप निवडताना: सिगारेट सोडू पाहणाऱ्यासाठी

सिगारेट सोडायची म्हणून व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, घ्यायला निघालेला माणूस दुकानात गेल्या गेल्या विचारतो, "सगळ्यात चांगलं मशीन कुठलं?" मग त्याच्यापुढे मोठ्या पडद्याचं, शंभर वॅटचं, ढगच्या ढग सोडणारं यंत्र येतं. तो ते घेतो. पहिल्याच झुरक्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, तलफ तर भागतच नाही, आणि चार दिवसांत यंत्र कपाटात जाऊन सिगारेट पुन्हा बोटांत येते. त्या यंत्रात दोष असतोच असं नाही, पण त्या माणसाच्या ओढण्याच्या सवयीशी ते जुळत नाही. म्हणून यंत्राचा विचार शेवटी करा. आधी स्वतःची सिगारेट नीट बघा, मग निकोटिन ठरवा, मग लिक्विड, म्हणजे ज्याची वाफ होते तो द्रव. एवढं झालं की यंत्राचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

सुरू करण्याआधी

हा लेख सिगारेट ओढणाऱ्या आणि ती सोडू इच्छिणाऱ्या प्रौढ माणसांसाठी आहे. तुम्ही ओढत नसाल तर व्हेपच्या वाटेला जाऊ नका, कारण निकोटिनचं व्यसन लागतं आणि नसलेलं व्यसन लावून घेण्यात काहीच फायदा नाही. गरोदर असाल, हृदयाचा त्रास असेल किंवा मनोविकारावरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड ही दोन मोठी दुखणी जळण्यातूनच येतात, म्हणून सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर आलेल्या माणसाच्या शरीरात जाणारं विष बरंच कमी होतं. तरी वाफ म्हणजे स्वच्छ हवा नव्हे, आणि अनेक वर्षं व्हेप ओढल्याचे परिणाम अजून पुरते कळलेले नाहीत. दिवसाला चार सिगारेटी आणि वर व्हेप, असं दोन्ही चालू ठेवलं तर फायदा फारसा पदरात पडत नाही. सिगारेट पूर्ण सुटणं हेच ध्येय ठेवा.

आणि आपण राहतो तिथला कायदा बघा. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियात ती फक्त औषधांच्या दुकानात मिळते. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात प्रौढांना विकायला परवानगी आहे, पण मापं ठरलेली आहेत: लिक्विडमध्ये निकोटिन जास्तीत जास्त २० मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर, टाकी २ मिलीलिटरची, निकोटिनवाली बाटली १० मिलीलिटरची. जिथे बंदी आहे तिथे चोरून मिळणाऱ्या मालात काय भरलंय हे कोणीच सांगू शकत नाही. तिथे निकोटिनचे च्युइंगगम, पट्ट्या आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं हाच रस्ता धरा.

पायरी १: आपली सिगारेट नीट बघा

उद्याची पहिली सिगारेट लक्ष देऊन ओढा. बहुतेक जण धूर आधी तोंडात घेतात, क्षणभर गाल भरलेले असतात, आणि मग तो श्वासाबरोबर आत जातो. व्हेपच्या भाषेत याला 'माउथ टू लंग' म्हणतात, थोडक्यात एमटीएल. दुसरी पद्धत हुक्क्याची: मोकळा, लांब श्वास थेट छातीत. ती 'डायरेक्ट लंग', डीएल. सिगारेटवाल्याच्या छातीला डीएलची सवय नसते आणि सुरुवातीचा ठसका बऱ्याचदा तिथूनच येतो. तुम्ही सिगारेट ओढत असाल तर एमटीएलच घ्या. यावर मी ठाम आहे. ढगांची हौस असेल तर ती सिगारेट सुटल्यावर.

दुसरी गोष्ट, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीर निकोटिनवर चांगलंच अवलंबून आहे. पाच मिनिटांत लागत असेल तर फारच. दिवसाला किती सिगारेटी होतात या आकड्यापेक्षा ही खूण जास्त खरं बोलते, कारण दहाच ओढणारा माणूस प्रत्येक सिगारेट फिल्टरपर्यंत खोल ओढत असेल तर तो वीस अर्धवट टाकणाऱ्याइतकंच निकोटिन घेत असतो.

पायरी २: निकोटिन ठरवा

बहुतेकांचा प्रयत्न इथेच फसतो. "सोडायचंच आहे तर निकोटिन कमीच घेऊ" असं म्हणून माणूस ३ मिलीग्रॅमची बाटली उचलतो. त्याने तलफ भागत नाही, मग तो दिवसभर यंत्र तोंडाला लावून बसतो, आणि संध्याकाळी सिगारेट पेटवतो. सुरुवातीला निकोटिन पुरेसं घ्या. ते कमी करायला पुढे भरपूर वेळ आहे.

ढोबळ हिशेब असा. रोज पाकीटभर (वीसेक) ओढत असाल किंवा सकाळची सिगारेट अर्ध्या तासात लागत असेल तर १८ ते २० मिलीग्रॅम. दहाच्या आसपास असाल तर १० ते १२. अधूनमधून ओढणाऱ्याला ३ ते ६ पुरे. हे आकडे एमटीएलसाठी आहेत. डीएल यंत्रात एका झुरक्यात कितीतरी जास्त लिक्विडची वाफ होते, त्यामुळे २० मिलीग्रॅमचं लिक्विड त्यात कधीही घालू नका. गरगरायला लागेल.

बाटलीवर कधी मिलीग्रॅम लिहिलेलं असतं, कधी टक्के. २० मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर म्हणजे २ टक्के. काही देशांत ५ टक्क्यांचं, म्हणजे ५० मिलीग्रॅमचं लिक्विडही विकतात. नवख्याने त्याला हात लावू नये.

निकोटिन दोन रूपांत मिळतं. जुनं रूप फ्रीबेस. ते ६ च्या वर गेलं की घशाला टोचायला लागतं, १८ ला तर चांगलंच. दुसरं निकोटिन सॉल्ट, ज्यात बेन्झोइक आम्लासारखं एखादं आम्ल मिसळून आम्लता वाढवलेली असते, त्यामुळे २० मिलीग्रॅमही घशातून अलगद उतरतं. पाकीटभर ओढणाऱ्याला सॉल्ट सोयीचं पडतं. काहींना मात्र तो घशातला ठोका हवाच असतो, त्याशिवाय काही ओढल्यासारखं वाटतच नाही. अशांनी १२ चं फ्रीबेस घेऊन बघावं.

निकोटिन जास्त झालं तर मळमळतं, डोकं दुखतं, उचकी लागते, छाती धडधडते. यंत्र बाजूला ठेवा, पाणी प्या, मोकळ्या हवेत बसा, आणि पुढच्या वेळी झुरके कमी घ्या किंवा एक पायरी खालचं लिक्विड आणा. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर निकामी करत असतं. सिगारेट सुटली की तो वेग मंदावतो आणि नेहमीचीच कॉफी जास्त चढते. हात थरथरतात, झोप लागत नाही, आणि माणूस दोष व्हेपला देतो. पहिल्या आठवड्यात चहा-कॉफी निम्म्यावर आणून बघा. ओलान्झापिन, क्लोझापिन, थिओफायलिन या औषधांचंही असंच होतं. ती घेत असाल तर सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगणं अगदी गरजेचं आहे.

पायरी ३: लिक्विड

लिक्विडमध्ये चार गोष्टी असतात: प्रोपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वाद. पहिल्याला सगळे पीजी म्हणतात, दुसऱ्याला व्हीजी. पीजी पातळ, स्वाद नीट वाहून नेणारं, घशाला लागणारं. व्हीजी दाट, किंचित गोड, ढग करणारं. पॉड म्हणजे लिक्विडची छोटी कुपी आणि ती लावायचं लहान यंत्रही; कॉइल म्हणजे त्यातली तापणारी तार आणि तिच्याभोवतीचा कापूस. लहान पॉडच्या कॉइलची लिक्विड आत घेणारी भोकं बारीक असतात, त्यामुळे त्यात ५०-५० चं मिश्रण घाला. ७० टक्के व्हीजीचं दाट लिक्विड त्या भोकांतून वेळेवर आत शिरत नाही आणि कापूस जळतो. पीजीने घसा फारच खवखवत असेल तर ६० टक्के व्हीजीपर्यंत जायला हरकत नाही.

स्वादाबद्दल माझं मत: तंबाखूच्या स्वादाचंच हवं असा हट्ट धरू नका. जळलेल्या तंबाखूची चव न जळता येत नाही, त्यामुळे अपेक्षाभंग ठरलेला. पुदिना, एखादं फळ, साधं मेंथॉल, असे दोन-तीन प्रकार छोट्या बाटल्यांत आणा आणि आलटूनपालटून वापरा. फार गोड लिक्विडमध्ये सुक्रालोज असतं. त्याचा काळा थर कॉइलवर बसतो आणि कॉइल लवकर जाते.

दोन गोष्टी मात्र कधीच करायच्या नाहीत. तेल किंवा तेलकट काहीही यंत्रात घालायचं नाही, ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. आणि लेबल नसलेलं, कोणाकडून तरी आणलेलं लिक्विड घ्यायचं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसं निकामी होण्याची साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं किंवा त्यांचा मृत्यू झाला, त्यांत मृत्यू ६८. बहुतेकांनी गांजाचा अर्क भरलेल्या व्हेपच्या कुप्या वापरल्या होत्या आणि मुख्य संशयित ठरलं त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट.

पायरी ४: आता यंत्र

सगळ्या व्हेपच्या पोटात तेच असतं: बॅटरी, तारेची कॉइल, तिच्याभोवती लिक्विड शोषणारा कापूस, आणि लिक्विडची टाकी. कॉइल तापते, कापसातल्या लिक्विडची वाफ होते. फरक आकाराचा, ताकदीचा आणि हवा किती मोकळी येते याचा.

एकदाच वापरून फेकायची डिस्पोजेबल सोपी वाटतात, पण महिनाभराचा खर्च काढला तर महाग पडतात, निकोटिन आपल्या मापाने ठरवता येत नाही, आणि प्रत्येकाबरोबर एक लिथियमची बॅटरी कचऱ्यात जाते. ब्रिटनने जून २०२५ पासून त्यांची विक्री बंद केली ती मुख्यतः या कचऱ्यामुळे आणि मुलांच्या हाती ती सहज लागतात म्हणून. आयत्या भरलेल्या पॉडचं यंत्र ज्याचे हात थरथरतात किंवा ज्याला भराभरीची कटकट नको त्याच्यासाठी बरं. बॉक्स मॉड (मोठ्या ताकदीचं डब्यासारखं यंत्र), मोठे टँक, तापमान नियंत्रण, हे सगळं आत्ता सोडून द्या. मेकॅनिकल मॉड, म्हणजे ज्यात सुरक्षेची चिपच नसते, ते तर कायमचं सोडून द्या. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. ०.२ ओहमची कॉइल लावली (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) तर त्यातून २१ अँपियर वाहतात, आणि अनेक सेल तेवढं सोसण्यासाठी बनवलेलेच नसतात.

मी सांगेन ते पुन्हा भरता येणारं साधं पॉड. कॉइल ०.८ ते १.२ ओहम, ताकद १० ते १८ वॅटच्या आसपास. ओहम जास्त म्हणजे कॉइल शांत, वाफ कमी आणि कोमट, लिक्विड पुरवून वापरणारी. पाकीटभर ओढणाऱ्याने ८०० ते १००० एमएएचची (एमएएच हे बॅटरी किती पुरेल याचं माप) बॅटरी घ्यावी, नाहीतर दुपारीच यंत्र मान टाकतं.

२०१९ मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ब्रिटनमधली एक चाचणी छापून आली. सिगारेट सोडू इच्छिणारी ८८६ माणसं, निम्म्यांना पट्ट्या-गम, निम्म्यांना व्हेप, आणि दोघांनाही समुपदेशन. वर्षभराने व्हेपवाल्यांतले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. त्या लोकांच्या हातात दिलं होतं ते पुन्हा भरायचं साधं यंत्र आणि १८ मिलीग्रॅमच्या लिक्विडची एक बाटली. महागडं काही लागलं नव्हतं. पुढे ज्याने त्याने आपल्या आवडीचं लिक्विड शोधलं. याच चाचणीतली दुसरी बाजूही सांगायला हवी: व्हेप गटात जे सुटले त्यांच्यापैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते.

यंत्र हातात घेतल्यावर हे बघा. पॉडमधलं लिक्विड बाहेरून दिसतं का? भरायचं भोक बाजूला आहे का आणि त्याचं रबरी बूच घट्ट बसतं का? हवा कमी-जास्त करायची पट्टी आहे का? ती जवळजवळ बंद करून कोरडाच झुरका घ्या. सिगारेट ओढताना गालांना जेवढा जोर लागतो साधारण तेवढाच लागला पाहिजे. मोकळी हवा फुकन आत आली तर ते यंत्र तुमचं नाही. झुरक्याने आपोआप सुरू होणारं यंत्र सुरुवातीला सोपं, बटणवाल्यात ताबा जास्त. बटणवालं असेल तर ते पाच वेळा पटपट दाबल्यावर बंद होतं, खिशात ठेवताना तसं करायची सवय लावा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न दुकानदाराला शेवटी विचारा: याची कॉइल किंवा पॉड सहा महिन्यांनीही मिळेल का? कॉइल साधारण एक-दोन आठवडे चालते. सुटी कॉइल मिळत नसेल तर सुंदर यंत्र म्हणजे नुसता डबा. पहिल्याच खरेदीत दोन-तीन कॉइल जास्तीच्या घ्या. जमलं तर दुसरं स्वस्तातलं यंत्रही घ्या. रात्री अकराला बॅटरी संपली, कॉइल जळाली, की पाय कोपऱ्यावरच्या टपरीकडे वळतात. त्या वेळेसाठी दुसरं यंत्र भरून, चार्ज करून ठेवलेलं असावं.

पायरी ५: पहिल्यांदा भरताना

घाई इथे करू नका. नवी कॉइल हातात घेऊन उजेडात धरली तर बाजूच्या भोकांतून पांढरा कापूस दिसतो. प्रत्येक भोकावर लिक्विडचा एकेक थेंब टाका. कापूस ओला होऊन राखाडी दिसायला लागेल. मधल्या नळीत थेंब टाकत बसू नका, ती हवेची वाट आहे, तिथे लिक्विड साचलं की गुरगुर सुरू होते आणि तोंडात थेंब येतात. मग कॉइल बसवा, पॉड खुणेपर्यंत भरा, बूच लावा आणि दहा मिनिटं उभं ठेवून द्या. बटणवालं असेल तर बटण न दाबता दोन-तीन हलके झुरके घ्या, म्हणजे लिक्विड आत ओढलं जातं. वॅट बदलता येत असतील तर कॉइलवर लिहिलेल्या मापातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करा.

झुरका सावकाश घ्या, तीन-चार सेकंद. सिगारेटसारखा जोरात, झटक्यात ओढला तर लिक्विड तोंडात येतं. दोन झुरक्यांत थोडं थांबा, कापसाला पुन्हा भिजायला वेळ लागतो. नवख्याला व्हेपमधून निकोटिन सिगारेटपेक्षा हळू मिळतं, त्यामुळे पाच-सहा झुरके झाले की काही मिनिटं थांबून तलफ कमी होतेय का ते बघा.

जळका, घसा खरवडणारा झुरका आला तर तिथेच थांबा. लिक्विड संपलंय किंवा कापूस जळलाय. जळलेला कापूस पुन्हा सुधारत नाही, कॉइल बदलावी लागते. पहिले काही दिवस खोकला येणं, तोंड कोरडं पडणं सर्रास होतं. पाणी जास्त प्या. खोकला दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, दम लागला किंवा छातीत दुखलं तर डॉक्टरांकडे जा.

गळती सुरू झाली तर आधी बघा की पॉड गळ्यापर्यंत भरलंय का, रबरी कडं नीट बसलंय का, यंत्र आडवं किंवा उन्हात राहिलं होतं का. विमानात दाब बदलल्यानेही गळतं, म्हणून पॉड रिकामं करून ठेवा. विमानप्रवासात व्हेप हातातल्या बॅगेतच न्यायचं असतं, चेक-इन सामानात नाही.

बॅटरी आणि बाटली

यंत्राबरोबर आलेल्या केबलनेच, लक्ष असताना चार्ज करा. उशीखाली, गादीवर, रात्रभर नको. सेल काढता येणारं यंत्र असेल तर सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधीच ठेवू नका, शॉर्ट होऊन पेट घेतो. त्यासाठी प्लॅस्टिकची डबी मिळते. सेलचं वरचं आवरण फाटलं तर तो वापरू नका. यंत्र फुगलं, तापलं, पाण्यात पडलं तर तेही नको. जुन्या बॅटऱ्या ई-कचऱ्यात द्या.

लिक्विडची बाटली औषधासारखी जपा, कुलपात. गोड वासाची ती बाटली लहान मुलाने तोंडाला लावली तर जिवावर बेतू शकतं, कुत्र्या-मांजरांच्याही. झाकण दाबून फिरवायचं असेल तेच घ्या. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा, निकोटिन त्वचेतूनही आत जातं. मुलाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता रुग्णालयात न्या, बाटली बरोबर घेऊन.

पायरी ६: निकोटिन उतरवत नेणं

सिगारेट पूर्ण सुटून दोन-तीन महिने झाले, तलफ शांत झाली, की एक पायरी खाली या: २० वरून १२ किंवा १०, मग ६, मग ३. प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबा. खाली उतरल्यावर दिवसाचं लिक्विड दुप्पट लागायला लागलं तर उडी फार मोठी झाली. तेव्हा दोन बाटल्या अर्ध्या-अर्ध्या मिसळून मधली पायरी करा. २० आणि १० समान मिसळलं की १५ होतं. मिसळताना दोन्ही सॉल्ट किंवा दोन्ही फ्रीबेस घ्या, म्हणजे घशाला अचानक फरक जाणवणार नाही. आणि या उतरणीत सिगारेट पुन्हा खुणावायला लागली तर निकोटिन बेलाशक वाढवा, जिथे ठीक चाललं होतं त्या आकड्यावर परत जा, आणि महिन्याभराने पुन्हा उतरायला लागा.